केळीची अकरा लग्नं

सृष्टीत प्रत्येकाचा जोडीदार आधीच ठरलेला असतो. तो अंधारातही त्याला ओळखतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचतोच.

हे वाक्य माझं नाही. ते आमच्या विभागप्रमुखांचं आहे. सहा बाय चारच्या फ्लेक्सवर, वर मंगलकलश आणि दोन्ही बाजूंना केळीचे खांब, अशा थाटात ते सोनेरी अक्षरांत छापलं होतं. माझा सहभाग इतकाच की मी ऱ्हस्व-दीर्घ तपासले. सत्य तपासायचं काम माझ्याकडे सोपवलेलं नव्हतं, आणि न सोपवलेलं काम करायचं नाही, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीत नीट शिकलो आहे.

शहाद्याच्या आसपासच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. कॉलेजच्या कुंपणापलीकडे केळी आहे, तिच्यापलीकडे ऊस आणि त्याच्यापलीकडे पुन्हा केळी. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक यायचे होते. विभागाच्या भित्तिपत्रक प्रदर्शनाचं उद्घाटनही बरेच दिवस रखडलं होतं. विभागप्रमुखांनी दोन्ही एकाच दिवशी घेतलं. त्यामुळे एका शालीत आणि एका नारळात दोन कामं होत होती. परीक्षा हा त्या दिवसाचा दुय्यम कार्यक्रम होता.

फ्लेक्सचा विषय होता गुणसूत्रांच्या जोड्या. बहुतेक झाडा-प्राण्यांच्या पेशीत गुणसूत्रं असतात, त्यातली अर्धी आईकडची, अर्धी बापाकडची. परागकण किंवा बीजांड तयार होण्याआधी आईकडचं प्रत्येक गुणसूत्र बापाकडचं आपल्यासारखं नेमकं शोधून काढतं आणि त्याला लांबीभर चिकटतं. हे वर्गात सांगितलं की मुलं लिहून घेतात. विभागप्रमुखांनी ते लिहून न घेता मनावर घेतलं. ते त्यांच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या समितीवर आहेत. दरवर्षी एका मंगल कार्यालयात माइकवरून मुलाची उंची, शिक्षण आणि बागायतीचं क्षेत्र वाचून दाखवण्याचा त्यांना दांडगा अनुभव आहे. गुणसूत्रांचं कळल्यावर त्यांना वाटलं, निसर्गही समितीच चालवतो.

"सर, हे म्हणजे लग्नच की हो," ते मला म्हणाले. "आणि आपला भाग केळीचा. केळीच्या गुणसूत्रांचं शुभमंगल! लोकांना लगेच भिडेल."

मी म्हणालो, "केळीचं जरा अवघड आहे, सर."

"अवघड सोपं करणं हेच आपलं काम," ते म्हणाले, आणि शहाद्यात फ्लेक्सवाल्याकडे निघाले. मीही मागे बसलो, कारण गाडी त्यांची होती आणि ऱ्हस्व-दीर्घ माझे होते.

फ्लेक्सवाला शांत माणूस होता. त्याने कधी कुणाला विषय विचारलेला नसावा. "सर, लगीनना टेम्प्लेट तयार शे," तो म्हणाला. "नवरा-नवरीना फोटो काढी टाकस, व्हयी गयं काम." त्याने फोटो काढले आणि त्या जागी लाल-निळ्या दोऱ्यांच्या अकरा जोड्या बसवल्या. अक्षता तशाच राहिल्या. खाली 'आपले नम्र' असंही राहिलं होतं, ते मी काढायला लावलं. तेवढीच माझी वैज्ञानिक कामगिरी.

आता त्या अंधारातल्या ओळखीबद्दल.

गुणसूत्रं एकमेकांना ओळखून चालत येत नाहीत. पेशीच्या केंद्रकाच्या आतल्या भिंतीला त्यांची टोकं चिकटतात, आणि भिंतीबाहेरची यंत्रणा ती टोकं ओढते. सगळी टोकं एका बाजूला गोळा होतात, बाकीचे दोरे मागे लोंबकळत फिरतात. एसटी स्टँडवर नाशिकची गाडी लागल्यावर दाराशी जे होतं, साधारण तसंच. धक्के बसतात, भलत्याशीच गाठ पडते, सुटते, पुन्हा धक्के. याच सुमारास प्रत्येक गुणसूत्र स्वतःचा दोरा अनेक ठिकाणी स्वतःच तोडून घेतं. तुटलेलं टोक सुटं होऊन आपल्यासारखा मजकूर कुठे आहे ते चाचपत फिरतं. जुळला तर धरतं, नाही जुळला तर सोडून पुढे जातं. मग दोघांमध्ये शिडीसारखे टाके पडतात, थोडी अदलाबदल होते, आणि ती जोडी कायमची वेगळी होते. वेगळं होणं हेच सगळ्या खटाटोपाचं कारण. जोडी नीट जमली तरच वाटणी नीट होते. कित्येक जीवांत ती पहिली चाचपणी नेमकी कशी होते, हे अजून पुरतं कुणाला कळलेलं नाही. ज्यांना कळलेलं नाही ते तसं लिहितात. आमच्या विभागात ही पद्धत नाही.

"जोडी जमते ती वेगळं होण्यासाठी," हे मी विभागप्रमुखांना एकदा सांगून पाहिलं.

"असं फ्लेक्सवर लिहिता येत नाही, सर," ते म्हणाले. यावर वाद नव्हता.

आणि केळीचं अवघड ते असं. आपण खातो त्या केळीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन नव्हे, तीन प्रती असतात. अकराचे तीन संच, एकूण तेहतीस. जोडी लावायची म्हटली तर एक उरतं. कुठे तिघं एकमेकांत गुंततात, कुठे दोघं जमतात आणि तिसरं एकटं भरकटतं. वाटणी वाकडी होते, आणि बी काही धरत नाही. म्हणून केळं आपण बिनघोर चावून खातो. फ्लेक्सवर ज्यांची अकरा लग्नं लावली होती, त्यांचं एकही सुरळीत पार पडत नव्हतं.

हे आमच्या विभागात दोनच माणसांना नीट ठाऊक होतं. मी, आणि एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी.

ती धडगावकडच्या डोंगरातली. घरी पावरी बोलणारी, मराठी आश्रमशाळेत शिकलेली, त्यामुळे तिची मराठी आम्हा सगळ्यांपेक्षा शुद्ध. आम्ही स्टाफरूममध्ये अहिराणी बोलतो आणि माइक हातात आला की पुस्तकी होतो. ती दोन्हीकडे एकच भाषा बोलायची. तिच्याकडच्या एका ज्युनिअर कॉलेजने तिला जूनपासून तासिकेवर घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, याच वर्षी एम.एस्सी. पूर्ण. प्रात्यक्षिकात राहिली तर दुसरी बाई तयार होती. तिचे आई-बाप दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जात. "राहिले तर मीही जाईन, सर," असं तिने मला एकदा सांगितलं होतं, उद्या सुट्टी आहे असं सांगावं तितक्या सहज. "कोयत्याला जोडी लागते, एकाने तोडायचं, एकाने मोळी बांधायची. आईच्याने आता होत नाही, भाऊ अजून लहान आहे."

तिने प्रकल्पाला केळ घेतली होती. नर फुलांच्या कोवळ्या कळ्यांत गुणसूत्रांच्या जोड्या लागतात की नाही ते पाहायचं. लोणखेड्याच्या एका शेतकऱ्याच्या बागेतून ती घडाखालची फुलं आणायची. इकडे त्यांना कमळ म्हणतात. मी एकदा बरोबर होतो. म्हातारा विळा थांबवून आमच्याकडे बघत राहिला.

"हाई कमळ आम्ही तोडीसन फेकी देतस," तो म्हणाला. "आणि तुम्ही शिकाले लेतस?"

"बी का धरत नाही ते पाहायचंय, बाबा," ती म्हणाली.

"केळले बी कोठे ऱ्हास वं माय!" म्हातारा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. दोन वर्षांच्या प्रकल्पाचा निष्कर्ष त्याने विळा हातात असतानाच सांगून टाकला होता. आमच्यात त्याच्यासाठी परिशिष्टं लागतात.

स्लाइड करायची तिची पद्धत मी शिकवलेली, मला माझ्या सरांनी शिकवलेली. कळीतला परागकोश काचपट्टीवर ठेवायचा, लाल रंगाचा थेंब टाकायचा आणि सुईने चेचायचा. सुई गंजलेली हवी. तो रंग लोखंडाशिवाय गुणसूत्रांना नीट धरत नाही, आणि सुईवरचं किंचित लोखंड थेंबात उतरतं. मग काच ठेवून स्पिरिटच्या दिव्यावर जरा ऊब द्यायची, टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबायचं. आमच्या प्रयोगशाळेत गेली कित्येक वर्षं एक डबा होता, त्यात गंजलेल्या सुया होत्या. विभागाची एवढीच मालमत्ता अशी होती की जिला उद्घाटनाची गरज पडली नव्हती.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. मी शेजारच्या खुर्चीत होतो.

"पोरी, तुझ्या स्लाइडमध्ये सगळा गोंधळ दिसतो," ते म्हणाले. "तीन काय, एकटं काय. मागे फ्लेक्स लागणार जोड्यांचा. परीक्षक काय म्हणतील?"

"सर, केळीत तसंच असतं."

"असतं, असतं. पण दाखवायचं कशाला? कपाटात कांद्याची तयार स्लाइड आहे. सुंदर जोड्या आहेत. लेबल बदल, केळी लिही."

तिने बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "सर, कांद्याला आठ जोड्या. फ्लेक्सवर अकरा आहेत."

"मोजणार कोण?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. मी टेबलावरचा पेपरवेट फिरवत होतो. तो काचेचा होता आणि आत एक निळं फूल होतं, इतकं मला आजही आठवतं.

"मी केळीचीच करते, सर," ती म्हणाली आणि गेली.

"डोंगरातली पोरं हट्टी असतात," विभागप्रमुख मला म्हणाले. "आपण मदत करायला जावं, तर यांना कदर नाही."

परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा चकाकत होती. ओटे घासलेले, बाटल्यांना नवी लेबलं. फळ्यावर रंगीत खडूने स्वागत. फ्लेक्स समोरच्या भिंतीला, एका जुन्या लाकडी चौकटीवर ठोकलेला. ती चौकट प्रत्येक कार्यक्रमाला वापरली जाते. तिच्यावर आतापर्यंत पर्यावरण, रक्तदान आणि एका माजी अध्यक्षांचा अमृतमहोत्सव होऊन गेला आहे.

परीक्षक आले. उंच, शुभ्र शर्ट, गळ्यात कुठल्याशा परिषदेचा बॅज, जो काढायला ते विसरले होते किंवा विसरले नव्हते. नाश्त्याला पोहे, चहा आणि केळी. त्यांनी दोन केळी खाल्ली आणि आमच्या भागातल्या केळीची प्रशंसा केली. मग फीत कापली. फ्लेक्ससमोर उभे राहून त्यांनी पंधरा मिनिटं भाषण केलं. निसर्गात जोडीदाराची निवड किती अचूक असते, आणि आजच्या तरुणांनी गुणसूत्रांपासून काय शिकावं, असा एकंदर सूर होता. विभागप्रमुखांनी त्याचं मोबाइलवर चित्रण केलं. प्रयोगशाळेतले पंखे बंद होते, कारण स्पिरिटचे दिवे. शुभ्र शर्ट पाठीला चिकटत गेला, पण शब्द कुठेही चिकटले नाहीत.

मग परीक्षा सुरू झाली आणि परीक्षक शाल स्वीकारायला विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. अंतर्गत परीक्षक म्हणून मी एकटाच आत होतो.

अर्ध्या तासाने ती मुलगी माझ्या टेबलाशी आली. तिच्या हातातली स्लाइड फिकट गुलाबी होती. पेशी दिसत होत्या, आत काहीच दिसत नव्हतं.

"सर, जुन्या सुया कुठे गेल्या?"

तिच्या ओट्यावर नव्या कोऱ्या स्टेनलेस स्टीलच्या सुया होत्या. आरशासारख्या. मी दाराशी बसलेल्या शिपाईकाकांकडे पाहिलं.

"भंगारमा गयात," ते म्हणाले. "साहेबनी सांगं, गंज दखायाले नको."

तिने आणखी दोन स्लाइड केल्या. त्याही फिकट. उन्हाने रंगाचा थेंब काचेखाली जाईपर्यंत कडेने वाळत होता. कळ्या मोजक्या होत्या; योग्य वयाची कळी रोज मिळत नाही, आणि तिच्या बाटलीत शेवटच्या दोन उरल्या होत्या. तिने हात पुसले, मान वर केली आणि खोलीभर नजर फिरवली. फळा, खिडकीचे अ‍ॅल्युमिनियमचे गज, स्टीलची कपाटं. मग ती फ्लेक्सपाशी जाऊन उभी राहिली.

परीक्षेत उमेदवाराने जागा सोडायची नसते. मी ते तिला सांगायला हवं होतं.

"काका," तिने हाक मारली, "पक्कड आहे का?"

शिपाईकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे केळी होती. काकांनी खिशातून पक्कड काढली, कारण सकाळी फ्लेक्स त्यांनीच ठोकला होता, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातला खिळा ओढून तिच्या हातात दिला. तो चौकटीइतकाच जुना होता. पुरेसा गंजलेला. फ्लेक्सचा कोपरा सुटला, वळला आणि वर गुंडाळला गेला. त्याखाली शेवटच्या तीन जोड्या गेल्या. उरल्या आठ.

तिने खिळ्याच्या टोकाने परागकोश चेचला, थेंबात दोनदा फिरवला, काच ठेवली, ऊब दिली, दाबली. मग सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. परीक्षक आले तेव्हा ती उभी राहिली.

ते खुर्चीत बसले, चष्मा कपाळावर चढवला, डोळा लावला.

"जोड्या कुठे आहेत?"

"सर, डाव्या बाजूला तिघं एकत्र आहेत. मध्ये दोघं. आणि कडेला ते एकटं आहे."

"म्हणजे स्लाइड बिघडली."

"नाही सर, स्लाइड चांगली आहे. जोड्यांचं बिघडलेलं आहे."

विभागप्रमुख मागेच उभे होते. त्यांनी घसा साफ केला. "सर, तिचा मराठीचा जरा प्रॉब्लेम आहे. ट्रायबल एरियातून बिलाँग करते ती."

परीक्षकांनी गुणपत्रिका पुढे ओढली. पेन उघडलं. तिच्या क्रमांकापुढच्या चौकटीवर ते थांबलं. मला ती चौकट स्पष्ट दिसत होती, कारण तिच्या शेजारची चौकट माझी होती आणि तीही अजून कोरी होती.

"सर," ती म्हणाली, "सकाळी नाश्त्याला केळी होती. बी लागली का?"

"केळ्यात बी कशी लागेल?" परीक्षक सवयीने म्हणाले.

"तेच दाखवलंय, सर."

परीक्षकांनी मान वर करून फ्लेक्सकडे पाहिलं, ज्याच्यासमोर ते पंधरा मिनिटं बोलले होते. मग पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. या वेळी चष्मा नाकावर आणून, नीट. मला वाटतं त्या दिवशी त्यांनी प्रथमच काही पाहिलं.

मीही अखेर बोललो. धैर्य वगैरे नव्हतं. प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत आधीच दिलं गेलं होतं, मी फक्त मागून मान डोलावली. "तीन संच आहेत, सर. तेहतीस. स्लाइड बरोबर आहे."

"ते मला दिसतंय," परीक्षक म्हणाले. "मी तिला हेच विचारणार होतो. ती उत्तर देते का, ते पाहत होतो."

"तो प्रकल्प मीच सुचवला होता, सर," विभागप्रमुख म्हणाले. "म्हटलं, आपल्या भागातलं पीक. लोकांना भिडतं."

एका मिनिटात दोघांनीही तिसरं एकटं सोडून जोडी जमवली होती. मी फक्त पाहिलं.

परीक्षकांनी गुण लिहिले. चांगले लिहिले. मी माझ्या चौकटीत त्यांच्याहून थोडे जास्त लिहिले, एवढं शौर्य नियमात बसत होतं. तिने खिळा टिपकागदाने पुसला आणि शिपाईकाकांना परत दिला. काकांनी फ्लेक्सचा कोपरा सरळ करून तो पुन्हा त्याच भोकात ठोकला. आठांच्या अकरा झाल्या.

ती जूनमध्ये रुजू झाली. तासिकेवरच आहे, अजूनही. मध्यंतरी शहाद्याच्या स्टँडवर भेटली तेव्हा तिने माझ्याकडे गंजलेल्या सुया मागितल्या. तिच्या कॉलेजला नव्या आल्या होत्या. मी सांगितलं, आमच्याकडेही नव्याच आहेत. मग दोघंही आपापल्या गाडीकडे गेलो.

फ्लेक्स विभागात तसाच आहे. विभागप्रमुखांनी त्याच्यासमोरच्या भाषणाचं चित्रण समाजाच्या मेळाव्यात पडद्यावर दाखवलं, आणि ते लोकांना भिडलं असं कळलं.

त्या दिवशी नाश्त्याची बरीच केळी उरली होती. ती शिपाईकाका घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मुद्दाम विचारलं. एकातही बी निघाली नव्हती.